कारणाचा रकाना

सावरखेडच्या उपकेंद्रात रात्री आता कुणी नसतं.
एक राखाडी पेटी, दोन हिरवे दिवे,
आणि पाली. त्या माझ्याही आधीपासूनच्या.

आधी रात्र माझी असायची.
आंबोड्याचा फोन यायचा. मी म्हणायचो,
"मांगूनच गेली न बाप्पा, पायतो."
तेवढ्यावर आंबोडा निजायचा.

पेटी फोन उचलत नाही.
परवा पहाटे नाल्याजवळ माकडाची उडी चुकली.
पेटीनं दोनदा वीज सोडून पाहिली,
वैदू ठणका दाबून पाहतो तशी,
मग नाल्यापुरती तार तोडून बाजूला ठेवली
आणि उरलेल्या चार गावांना
दहेगावकडून फिरवून उजेड दिला.
एक्केचाळीस सेकंद.
चक्कीवर रेखाबाईनं डबा खाली ठेवला, उचलला,
तेवढ्यात पट्टा पुन्हा फिरत होता.

हेच करायला मला दीड तास लागायचा,
आणि हे कबूल करायला दीड वर्ष.

दुपारी रोशन कुमरे खांबावर चढला.
चढण्याआधी डब्यातली चावी 'लोकल'वर फिरवली, काढली,
खर्‍याच्या पन्नीसोबत खिशात टाकली.
तसंच शिकवलंय मी.
पेटीला व्होल्ट कळतात, अँपिअर कळतात,
खांबावरचा माणूस कुठल्याच काट्यावर येत नाही.
चावी खिशात म्हणजे
उजेड द्यायची तिला कितीही घाई असो,
ती थांबते.

तार जोडून रोशन उतरला, हात धुतले,
आणि साळ्याच्या साक्षगंधाला निघून गेला.
चावीसकट.

सांज झाली. नाल्यापलीकडची सहा घरं
तेवढी अंधारात.
पेटी कुरकुरली नाही, तिनं विचारलंही नाही.
सगळं ठीक असूनही
ती एका खिशासाठी थांबून राहिली.

फोन अजून माझ्याच नंबरावर येतात.
"मांगूनच गेली न बाप्पा," म्हणालो,
आणि गाडी काढली.
मांडवात रोशन बुंदी वाढत होता.
मला पाहून त्याचा हात
आधी खिशाकडे गेला, मग कपाळाकडे.

परतून चावी फिरवली. 'रिमोट'.
सहा घरं लागली, एकदम, एखादं चुकार कुत्रं भुंकलं.

जुनं रजिस्टर कुणी मागत नाही, तरी काढलं.
वेळ: नऊ बारा.
कारणाच्या रकान्यावर पेन बराच वेळ अडलं.
'माकड' लिहून खोडलं.
मग लिहिलं: खिसा.