कुठले जाधव?

नमुना क्रमांक एकसष्ट. जुळे सोलापूर, वरचा मजला,
दोन खोल्या, गॅलरी, बोअरचं पाणी.
वाक्य ठरलेलं: नमस्कार, खोली रिकामी आहे का?
पगार ठरलेला. माणसं दोनच, मूल नाही.
बोलणारी यास्मिनच, सिमकार्डं चार.
बदलायचं फक्त आडनाव.

बिराजदारांना चावी कुठं ठेवलीय तेही सांगितलं.
कुरापाटींना विचारलं, घरात माग तर बसवणार नाही ना,
आणि तिकडं कुणीतरी हसलं.
तळभंडारेंना: अरेरे, कालच गेली बघा.
नायकवाडींना काहीच नाही.
यास्मिननं फोन कानाला तसाच धरून ठेवला,
मग वहीत लिहिलं: अकरा सेकंद.
नायकवाडी हे तिचं खरंच आडनाव.
अक्षरात थरथर नाही. मी तपासलं,
तपासणं माझं काम.

मी भूगोल शिकवते.
शहर एका ढिगात धरलं तर निर्देशांक उंच येतो:
डोळे झाकून दोन माणसं उचला,
ठेच लागली तर एक तेलुगूत ओरडेल, दुसरा कन्नडात.
तोच ढीग पेठांत वाटा,
मग गल्ल्यांत, मग नळांत,
आकडा उतरत जातो
पाचव्या दिवशी येणाऱ्या पाण्यासारखा,
शेवटच्या घराशी तोटीतून नुसती हवा.

चादरीची उपमा अहवालात घेतलेली नाही.
उद्घाटनांतून ती फार धुतली गेली.
अशोक चौकात चाळीस वर्षं माग चालवलेले
नरसय्या वडलाकोंडा एवढंच म्हणाले:
"मॅडम, रंग एकमेकांत उतरत नसतेत.
उतरले तर तो माल सेकंडात जातो."
हे वाक्य मी तीनदा खोडलं, चारदा लिहिलं.

एकसष्टावर आणखी एक फोन झाला, आराखड्यात नसलेला.
यास्मिन जेवायला गेली होती.
मी म्हटलं, जाधव.
"या की! कुठले जाधव म्हणायचं?"
किती मायेनं विचारलं,
सोयरीक जुळवताना विचारतात तसं.
बार्शीचे म्हणता आलं असतं, माढ्याचे.
हे आडनाव त्यांच्यातही चालतं, आमच्यातही,
निम्म्या वाक्यापर्यंत चालतं.
म्हटलं, सेटलमेंटचे.

तिकडं पंखा फिरत होता, ऐकू येत होता.

तारेचं कुंपण निघालं तेव्हा आजोबांनी
त्यातली दहा हात तार घरी आणली.
काटे ठोकून वाकवले,
आई तिच्यावर आमचे कपडे वाळत घालायची.
हजेरीची वेळ झाली की म्हातारपणीही
त्यांची मान फाटकाकडं वळायची.
फाटक नव्हतं. वळायची.

"घरात विचारून सांगतो," घरमालक म्हणाले.
सभ्य माणूस.
मी वहीत लिहिलं: सहा सेकंद.

सगळ्यात जास्त मिसळ कुठं, तर
सिव्हिलमधला बाळंतिणींचा वॉर्ड.
तिथं खाट मिळते आलेल्या क्रमानं.
चौदावर विडीवाली गौरम्मा, पंधरावर मुमताज,
सोळावर मोहोळकडची पारध्यांची सून,
तिघींत एक थर्मास,
आणि एका रात्री पंधराचं बाळ सोळाच्या दुधावर.
असा आकडा मी शहरात दुसरीकडं मोजलेला नाही.
तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज.
बाहेर रिक्षावाला कपाळाकडं बघतो,
पिशवीकडं बघतो,
पत्ता न विचारता किक मारतो.

एकसष्टचं उत्तर अजून आलेलं नाही.
रकान्यात 'प्रतीक्षा' लिहून ठेवलंय.
यास्मिन शिकवणीला रोज तिथूनच जाते.
म्हणते, खोली रिकामीच आहे मॅडम,
गॅलरीत दोरी बांधलेली आहे,
तिच्यावर काहीच वाळत नसतं.