सहा नंबरचं टेबल

साखर पेठेच्या त्या कोपऱ्यावर आता
मोबाइलची कव्हरं टांगलीत, रंगीत, रिकामी.
इथं 'गुरुशांत उपाहारगृह' होतं, मी लेकीला सांगते.
ती म्हणते, हं.

मान वर केली असती तरी काय दिसणार?
पाटी गेली.
'चहा-फराळाची उत्तम सोय' मधला 'उ' तर
आमच्या देखतच उडाला होता.
नायना उरलेलं तसंच वाचायचे, मोठ्यानं:
त्तम सोय!

तिसरी पाळी सुटून सकाळी सातला यायचे,
केसांत कापूस, कानांत साच्यांचा खडखडाट,
म्हणून ओरडूनच बोलायचे. सगळेच ओरडून बोलायचे.
आणि त्या सगळ्यांच्या वर इरण्णा,
भटारखान्याकडे कानडीत, टेबलाशी तेलुगूत,
गल्ल्याकडे तोंड केलं की मराठीत:
ओंदु इडली, रेंडु चाय, सहा नंबर सव्वा रुपया!

सहा नंबर आमचं.
पांढरी फरशी, आणि तिला एक तडा,
वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यात, वाकडातिकडा,
शाळेतल्या नकाशावर भीमा जाते तसा.
नायना बशीतला चहा थोडा त्यात सांडायचे मुद्दाम,
बघ, भीमेला पाणी आलं.
पगाराच्या दिवशी मला शिरा.
केळीच्या पानाचा तळहाताएवढा तुकडा,
त्यावर तुपाचा डाग. तो मी बोटानं शेवटपर्यंत पुसायची.

अम्मा आली ती एकदाच.
'फॅमिली रूम'चा हिरवा पडदा एका कडीला अडकायचा,
उरलेल्या फटीकडे पाठ करून ती भिंतीकडे बघत बसली.
बोटांना तंबाखूचा वास, दिवसभर विड्या वळलेला,
म्हणून तिनं डोसा चमच्यानं खाल्ला.
डोसा, चमच्यानं! मी हसले.
इरण्णा न मागता पुन्हा चटणी घेऊन आला
तशी ती अर्धी उठली, त्याच्या हातातलं भांडं घ्यायला.
बस अक्का, तो म्हणाला, बस.
घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही.

मग भोंगा बंद झाला.
हॉटेल एकदम नाही बंद झालं,
आधी रात्र गेली, मग डोसा,
मग इडली फक्त रविवारी,
मग नुसता चहा, तोही गुरुपादप्पा स्वतःच करायचे
आणि स्वतःच पीत बसायचे.
अशोक चौकातली शेख मामूची खानावळ,
कडक भाकरीची चळत छातीएवढी असायची तिथं,
तीही त्याच सुमाराला. कोण आधी, आठवत नाही.

गेल्या वर्षी विडी घरकुलात पत्रिका द्यायला गेले,
तर एका दारात धुण्याचा दगड म्हणून पांढरी फरशी.
मी थांबले. तडा ओळखला.
आत बाजेवर इरण्णा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मी नायनांचं नाव सांगितलं.
अंबादास? तो म्हणाला, किती अंबादास होते, बाई!
मी म्हटलं, सहा नंबर.
तेव्हा तो बसता झाला.
सहा नंबर! चहात साखर कमी.
एक इडली खायचा, दोन बांधून न्यायचा,
रोज. पेपरात. वर चटणी वेगळी.

आमच्या घरी तो पेपर कधी आला नाही.

कुणासाठी, हे मी विचारलं नाही,
त्याला, आणि आता विचारायला दुसरं आहे कोण.
अम्माला ठाऊक असेल का? असेल.
की त्या दिवशी म्हणूनच... जाऊ दे.

बाहेर पाचव्या दिवशी नळ आला होता,
सून बादल्या भरत होती, घाईत.
एक हिंदकळली, फरशीवर सांडली,
आणि पाणी बरोबर त्या तड्यातून निघालं
वरच्या कोपऱ्यातून खाली.
भीमेला पाणी आलं, मी म्हटलं.
जरा ओरडूनच म्हटलं असावं,
कारण आतून इरण्णानं विचारलं,
कोण आलं?