फी सिंपल

मेहेर सिग्नलजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं टेबल. पानाला साठ रुपये, शिक्क्याचे वेगळे.
मी तोंडी भाषांतर सांगते, निरगुडे टाइप करतो.

आज देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याचं खत आलं.
मुंग्यांच्या रांगेसारखं इंग्रजी,
कडा वाळवीनं आधीच वाचलेल्या.
चौथ्या ओळीत : फी सिंपल.
निरगुडेनं विचारलं नाही, ठोकून दिलं, 'साधी फी'.
म्हटलं, थांब. ही शाळेची फी नाही,
आणि सिंपल म्हणजे सोपं नाही. विनाअट.
पोराला द्या, परक्याला विका, पाडून टाका,
कुणाची आडकाठी नाही, असं.
'मग निर्वेध मालकी लिहा ना, बाई.'
लिहिलं. पक्षकाराचं काम झालं.

माझं झालं नाही.
दुपारी कोश उघडला,
त्याची पाठ मी दोनदा खळीनं चिकटवलीय.
फीच्या मागे फ्रेंच सरदार, जहागिरी वाटणारे राजे,
त्यांच्या मागे भिक्षूंचं मोडकं लॅटिन,
आणि पार मागे, म्हणतात, एक शब्द : गुरं.
हाकून नेता येतील तेवढीच मालकी.
त्या शब्दाच्या चुलत घरात
आपला पशु उभा, रवंथ करत.

निरगुडेला सांगितलं.
'म्हणजे बंगला म्हणजे म्हैस?'
म्हणाला, आणि चहा सांगायला गेला.

चारनंतर काशिनाथ हिरणवाळे आला, नोटीस घेऊन.
त्याच बंगल्यामागे त्याचा गोठा, आजोबांपासूनचा.
सातबाऱ्यावर नाव नाही, म्हशींना मात्र प्रत्येकीला आहे.
तो खत म्हणतो ते ट्रॉलीत भरून
ओझरच्या द्राक्षबागेत जातं.
'काय म्हणतोय कागद?'
गोठा हलवा म्हणतोय. तीस दिवसांत.
त्याच्याकडे अकरा दावी,
समोरच्याकडे एक दावा.

कोशातलं त्याला सांगावं असं वाटलं.
तोंड उघडलंही.
पण हजार वर्षांपूर्वीच्या परक्या गुरांचा
त्याच्या चांदरीला काय उपयोग,
उत्तराची मुदत तर सोमवारी संपते.
एक पान अर्ज सांगितला. निरगुडेनं या वेळी
एकही चूक केली नाही.

'बाई, तुमची फी,' म्हणत
त्यानं नोटा मोजल्या. वीस कमी.
बोटांना दुधाचा वास.
'उद्या येतोच आहे तारखेला,' म्हणाला,
'भांडं तेवढं आणा.'