व्याजाचा रकाना

महापे, तिसरा मजला, दुपारी अडीचची पाळी.
पडद्यावर डावीकडे जुन्या पानाचा फोटो,
उजवीकडे रिकामी चौकट.
वाचायचं, टाइप करायचं. शंभर पानांचा दर ठरलेला.
जे लागत नाही तिथे लिहायचं 'अवाच्य',
पण शंभर ओळींत चारदाच. पाचव्याला पैसे कापतात.

दोन महिने माझ्या वाट्याला एकच माणूस :
एलिफलेट थॉर्न, पेढीवाला, ओहायो.
त्याचा कुणी खापरपणतू पैसे भरतोय
घराण्याचा इतिहास छापायला.
त्याला मी ठाऊक नाही.
मला मात्र त्याच्या खापरपणजीची कवळी
कितीला पडली तेही ठाऊक आहे.

तिचं नाव टॅबिथा. मुलं सात.
त्यांचे जन्म हिशेबाच्या वहीतच,
घोड्याचे नाल आणि मेणबत्त्या यांच्या मधोमध.
'मंगळवार. मुलगी, लुसिंडा. डॉक्टरला दोन डॉलर.'
चार वर्षांनी त्याच नावापुढे : 'सुताराला तीन.'
सुतार कशाला, ते लिहिलेलं नाही.
मी टाइप केलं
आणि तहान नसताना पाणी प्यायला उठले.

थोरला ऑगस्टस चांदी शोधायला नेव्हाडात.
दर पत्रात तब्येत उत्तम, दर पत्रात पैसे धाडा.
मधली बापाशी बोलत नाही. आईला बावीस पत्रं;
बाप फक्त शेवटच्या 'सर्वांना'मध्ये.

मग त्र्याहत्तरचा सप्टेंबर.
रेल्वेच्या रोख्यांची रद्दी झाली.
टॅबिथा बहिणीला लिहिते :
'हे पेढीच्या दारात खुर्ची टाकून बसून राहिले.
लोक नुसते बघत उभे. कुणी दगड मारला नाही.
मारला असता तर बरं झालं असतं.'

मी नववीत होते तेव्हा घणसोलीत
आमच्या ओट्यासमोर असेच उभे होते
खारबांध पतपेढीचे ठेवीदार.
बापूस खजिनदार.
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांचे पैसे,
म्हावरं विकणाऱ्या बायांचे रोजचे पाच-पाच रुपये,
सगळं उलव्याच्या एका पायात रुतलं
ज्यावर इमारत कधी चढलीच नाही.
बापूस आत होता, मोरीत, दिवा न लावता.
आयस म्हणाली, 'घरान नाय ते.'
मीही तेच म्हणाले.

थॉर्नने घर विकलं, घोडा विकला, टॅबिथाचा पियानो.
पियानोबद्दल तिने एक ओळही लिहिली नाही,
किंवा लिहिली ती या खोक्यात आली नाही.
पुढे चौदा वर्षं एकच वही :
विधवा हार्पर, अकरा डॉलर.
लोहार, सहा.
शाळामास्तर, साडेचार, दोन हप्त्यांत.
फेडलं की नावावर आडवी रेघ.
शेवटच्या नावावर रेघ इतकी जाड
की खालचं अक्षरच लागेना.
एक 'अवाच्य' तिथे खर्ची पडलं.

कंपनीची गाडी मध्यरात्री तळवली नाक्यावर सोडते.
बापूस जागा. टीव्ही चालू, आवाज बंद.
एका रात्री जेवताना सांगितलं त्याला,
पेढी, खुर्ची, चौदा वर्षं.
निवट्यांचं कालवण निवत गेलं.
मला वाटलं ऐकत नाहीये.
मग ताटातून वर न बघता म्हणाला,
'नि याज? याज दिला का त्यानं?'

दुसऱ्या दिवशी, नियमात बसत नसताना,
मी जमा केलेली पानं परत उघडली.
रकाना होता. प्रत्येक पानावर आखलेला,
वर शीर्षक त्याच्याच सुबक, तिरक्या अक्षरात.
खाली चौदा वर्षं कोरी.

कोऱ्या जागेत काय टाइप करायचं,
मी पर्यवेक्षकाला विचारलं.
तो हातातला चहा न ठेवता म्हणाला,
काही नाही. टॅब दाब, पुढे जा.