किती ठेवू?

चाळीस वर्षं बंदराच्या गल्लीत केस कापले मी.
कोळी, पाद्री, शाळेतली पोरं,
लग्नाच्या सकाळी घामेजलेले नवरदेव.
बाबाने शिकवलेलं, आधी एवढंच विचारायचं:
किती ठेवू?
किती कापू, असं नाही. किती ठेवू.

दुकान विकलं तो नोव्हेंबर.
हात रिकामे, बोटं मात्र हवेतच कातरत राहायची.
अंगणात, पाटीच्या दगडाच्या भिंतीशी, ऑर्तांसिया.
दुसरीकडे हायड्रेंजिया म्हणत असतील,
ब्रिटनीच्या या किनाऱ्यावर ती दाराइतकीच घराची.
फुलांचे गोंडे सुकून तपकिरी,
भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखे.
मला बघवेना.
भादरली तिला. गुडघ्याएवढी,
चहूबाजूंनी सारखी.
मागे सरून पाहिलं, खांद्यावरचे केस झटकावेत
तशी भिंतीवरची पानं झटकली.
हाताशी आरसा असता
तर मागची बाजूही दाखवली असती.

जुलैत अख्खी गल्ली निळी.
टपालकचेरीशी निळी, ग्वेनोलेच्या गॅरेजशी निळी,
बंद पडलेल्या मासळी-कारखान्याच्या फाटकाशीसुद्धा.
माझी हिरवी.
भरघोस, धडधाकट, गुबगुबीत हिरवी,
आणि एक फूल नाही.
"काय रिवाल, सैन्यात भरती केलीस का हिला?"
ग्वेनोले रोज नव्याने हसायचा.

ऑगस्टात आझेनोर आली. वय ब्याऐंशी.
हिचे केस मी कधीच कापले नाहीत,
स्वतःच कापते, वाकडे.
चष्मा कपाळावर सारून झुडपाशी उकिडवी बसली.
म्हणाली, ही जुन्या लाकडावर फुलते.
पुढच्या उन्हाळ्याचं फूल
या उन्हाळ्यातच बांधून ठेवते काठीच्या टोकाशी,
कुणाला न सांगता.
तू केस नाही कापलेस, रिवाल. तू—
आणि वाक्य तिथंच सोडून
गुडघे धरत उठली.

मग बोटांवर मोजत सांगितलं:
वाळके गोंडे राहू देत. हिवाळ्यात तीच टोपी,
दहिवर त्यांच्यावर बसू दे, खालच्या डोळ्यावर नको.
मार्चात वरून खाली ये.
फुगीर डोळ्यांची पहिली जोडी दिसेल, तिच्या वर बोटभर, बस्स.
शंका आली तर नख मार.
हिरवं निघालं तर जिवंत,
नाही तर मुळापासून काढ.
म्हाताऱ्या काठ्या दरवर्षी दोन-तीन.
सगळ्या एकदम कधीच नाही.
बाकीच्यांना हात लावू नकोस.
तेच तुला जमायचं नाही.

नव्हतंच जमत.
हिवाळाभर खिडकीसमोर उभी,
दाढी वाढलेल्या गिऱ्हाइकासारखी.
दोनदा दार उघडलं मी. दोनदा
कात्री परत खणात.
जानेवारीच्या वादळात कौलं उडाली तीन,
ती तिथेच, डोक्यावर आपली ती ओली चिंधी घेऊन.

मार्चात वारा पडला त्या सकाळी
छाटणीची कात्री स्पिरिटने पुसली (सवय),
पहिल्या काठीशी वाकलो,
आणि तोंडातून निघूनच गेलं,
मोठ्याने:
किती ठेवू?
ग्वेनोले गॅरेजातून बघत असावा.
काठीवर समोरासमोर दोन डोळे,
लालसर, तेलकट, मिटलेले.
त्यांच्या वरती बोट ठेवलं.
इथपर्यंत? बरं.

जूनअखेर सात गोंडे. रोज मोजायचो.
सहा निळे. एक गुलाबी,
गेल्या साली भिंतीला नवा चुना भरला
त्या कोपऱ्यातला.
आझेनोर बघून गेली, काही बोलली नाही.
संध्याकाळी परत आली,
स्वयंपाकघरातली खुर्ची स्वतःच ओढून अंगणात मांडली,
डोक्यावरचा रुमाल सोडला.
मी तिच्या मागे उभा, कंगवा ओला करून.
किती ठेवू?

ती बराच वेळ विचार करत होती.