अठ्ठ्याण्णव

शलाका, उद्यापासून तू माझ्या खोलीत येशील.
खोली म्हणजे नववीची प्रयोगशाळा,
रामबागेच्या गल्लीतली, जिच्या खिडकीचं एक तावदान
कधीपासून पुठ्ठ्याचं आहे.
घरी मी तुझा मामा. तिथे सगळी पोरं मला
'देवधर भिया' म्हणतात. तूही तेच म्हण.

काय काय होईल ते सांगून ठेवतो.
पहिले आठ दिवस काहीच होणार नाही.
तू वाट बघशील धुराची, स्फोटाची,
आणि हातात येईल मोजपट्टी.
टेबलाची लांबी मोजा. पुन्हा मोजा.
एकाच टेबलाच्या चाळीस लांब्या निघतात दरवर्षी,
मी ते पुसतो, ते आपलं जागच्या जागी.

सूक्ष्मदर्शक पाच. त्यातले बघण्याजोगे दोन.
डावीकडून दुसरा धर, बोलू नकोस कुणाला.
कांद्याची पेशी म्हणून पहिल्या दिवशी
ज्याला त्याला आपल्याच पापण्या दिसतात,
आणि आकृती मात्र सगळे पुस्तकातली काढतात,
विटांच्या भिंतीसारखी, नीटनेटकी.

डबा तिथे उघडायचा नाही.
जिरावणाचा वास सुटला की
चौरे मॅडमसुद्धा रीडिंग विसरतात.

मग एके दिवशी पाणी उकळायला ठेवतील.
ते नीट ऐक.

मीही याच शाळेत होतो. याच ओट्यावर
माझ्या चंचुपात्रात बुडबुडे आले, पाणी खदखदलं,
आणि पारा अठ्ठ्याण्णवावर जाऊन बसला.
मी फुंकर मारली बर्नरला. ज्योत वाढवली.
बसला तो बसला.
वहीत लिहिलं अठ्ठ्याण्णव.
कवठेकर सरांनी लाल गोल काढला,
म्हणाले, पुस्तकात काय आहे?
पुस्तकात शंभर होते.
मी खोडलं, शंभर केलं, दहापैकी नऊ मिळाले.
पुढे दहावीत विज्ञानातच गेलो,
ती गोष्ट वेगळी. किंवा नसेलही वेगळी.

नंतरची तीस वर्षं मी त्याच खोलीत नळ्या धुतल्या.
दर पावसाळ्यात पारा अठ्ठ्याण्णवावर थांबायचा,
दर वहीत शंभर उमटायचे,
आणि मी बादली घेऊन मागे उभा,
वाटायचं, आमचे तापमापकच स्वस्तातले.

मग चौरे मॅडम आल्या, खरगोनच्या.
त्यांनी वह्या मिटायला लावल्या, विचारलं,
"खरंच शंभर कुणाला दिसले?"
वर्ग गप्प.
मागच्या बाकावरच्या तरन्नुमने हात अर्धा वर केला,
म्हणाली, मॅडम, मला अठ्ठ्याण्णव, पण मी चुकले असेन.

मॅडमनी तिला विचारलं, घरी नळाला पाणी कुठलं येतं?
नर्मदेचं.
नर्मदा कुठे? खाली, निमाडात.
मग इथे कसं येतं? पंपाने, घाट चढून.
म्हणजे आपण कुठे आहोत?
बराच वेळ कुणी बोललं नाही.
वर, असं मीच म्हणालो, मागून, बादलीसकट.

वर हवा विरळ. पाण्यावरचं ओझं कमी.
तेच पाणी महेश्वरच्या घाटावर जरा थांबून उकळेल,
इंदुरात येऊन दोन अंश उतावीळ होतं.
माझा तापमापक चांगला होता, शलाका.
चौदाव्या वर्षी मी माळव्याची उंची मोजली होती
आणि खोडरबराने पुसली होती.

तर पेन्सिल ने, खोडरबर आकृत्यांपुरताच ने.
जे दिसेल ते लिही, मग पुस्तक उघड,
मग दोघांत भांडण लागलं तर मॅडमना बोलाव.
मार्कांचं मी सांगू शकत नाही.

माझी ती वही आहे अजून, पेटीत तळाशी.
काल काढली. पान दिव्यापुढे तिरकं धरलं
तर शंभराच्या खाली
नवाची शेपटी आणि आठाचा बाक
अजून कागदात दबलेले दिसतात.
हे कुठल्या धड्यात येतं ते मला माहीत नाही.
तुला सापडलं तर सांग.