सगळं येत नाही

तिस्काजवळच्या दुकानात जॉयविन म्हणतो,
"बाय, फोटो येतात, नंबर येतात,
व्हॉट्सॲपसुद्धा येतं आता.
केबल लावायची न् चहा पिऊन यायचं."
काचेखाली आयफोन ठेवलेत,
सोनाराकडे ठेवतात तसे, एकमेकांपासून लांब.

ऋतिकाने पुण्याहून निम्मे पैसे पाठवलेत.
तिच्या मते माझा फोन म्हणजे जुनी कदंब बस:
थांबते, पण कुठे ते तिलाच ठरवू द्यायचं.
खरं आहे. परवा ट्रेझरीत ओटीपी आला
तो साहेब जेवायला उठून गेल्यावर.

तरी मी विचारते, "आणि काय येत नाही?"
जॉयविन मान खाजवतो.
"तशी तुमची सवय येत नाही. मागे जायचं बटण वेगळं.
आणि कॉल रेकॉर्डिंगं.
जुनी हवी तर एकेक काढत बसावं लागेल.
पुढची तशी होणार नाहीत.
हा फोन आधी सांगतो, दोघांनाही, मोठ्याने,
की बाबांनो, बोलणं रेकॉर्ड होतंय."

माझा फोन कुणालाच सांगत नाही.

सावईवेऱ्याच्या कुळागराची इन्व्हेंटरी कोर्टात गेली
त्या आठवड्यात वकील वेरेकर म्हणाले होते,
"भावाचा फोन आला की असू दे चालू."
मी एक बटण दाबलं.
परत कधी त्याच्याकडे बघितलं नाही.
तीन वर्षं.

रोहिदासचे एकशे बारा कॉल.
पाटाच्या पाण्याची पाळी, पोफळींची हद्द,
सात ठिकाणी तो आईला मध्ये घालतो,
दोन ठिकाणी मी.
"तूं आतां खंयची आमची"
हे चौदा मिनिटं छत्तीस सेकंदांवर.
वेरेकरांनी वेळेसकट लिहून घेतलंय.

पण गेल्या एप्रिलमधला एक आहे.
तो वरच्या पट्टीत सुरू होतो, मीही,
आणि मध्येच, श्वास घ्यायला थांबल्यासारखा, विचारतो,
"बरें, चेपणेच्या तोरांक मीठ कितलें घालूं गो?
बायलेक कळना."
मी त्याच रागात सांगत सुटते,
बरणी उन्हात ठेव आधी,
देठ मोडू नको, देठासकट घाल,
वर दगड हवा, नदीतला, गुळगुळीत,
गेल्या वर्षीचा तो पायरीखाली असेल बघ.
"बरें," तो म्हणतो.
आणि भांडण जिथे टाकलं होतं तिथून उचलतो.

वेरेकरांनी हा ऐकून बाजूला ठेवला.
"ह्यात काही नाही," म्हणाले.

फोनने त्याला आधी सांगितलं असतं
तर शिव्या गिळून, साक्षीला उभा राहिल्यासारखा
बोलला असता रोहिदास.
मिठाचं विचारलं नसतं.
मी तरी पायरीखालचा दगड
सांगितला असता का?
चोरून ठेवलं म्हणून राहिलं, हे कबूल करायला
मला ह्या दुकानात यावं लागलं.

जॉयविन सिमची सुई बोटांत धरून उभा.
मागे एक पोरगा, स्कूटरवरून पडलेला,
स्वतःपेक्षा स्क्रीनला जास्त लागलंय त्याच्या.
"मग, करूया?"
"सोमवारी तारीख आहे माझी," मी म्हणते.
त्याला वाटतं, डॉक्टरची.
"बघा, ऑफर रविवारपर्यंतच."

स्टँडवरच्या बाकावर बसून
सेटिंग्जमध्ये जाते, ते बटण शोधते, बंद करते.
बस लागते. खिडकी मिळते.
कुर्टीच्या आधीच परत चालू करते.
वेरेकरांना काय सांगू?

मग एप्रिलमधला लावते, कानाशी धरून, बारीक आवाजात.
बरणी, ऊन, देठ, दगड.
मीठ किती, ते मी सांगितलंच नव्हतं.
त्यानेही परत विचारलं नाही.

ती बरणी जूनमध्ये उघडली असणार.
कशी निघाली तोरं,
ते एकशे बारांपैकी कुठल्याच कॉलमध्ये नाही.